प्राणपणाने चेष्टा

खिदिरपूर, कोलकाता
१६ फेब्रुवारी

ति. स्व. दाजींना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे श्यामकांतचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे रीतीपुरतं. आठांपैकी सध्या जेमतेम तीन अंगं जमिनीला लागतात, आणि लागली की उठवायला दोन माणसं लागतात. उरलेली पाच उन्हाळ्यात कराडला आलो की टेकवीन.) आपली आणि ताईची प्रकृती ठणठणीत असेल अशी खात्री आहे, असं पुढे लिहायचा रिवाज आहे. पण जन्मभर कस्टम्समध्ये काढलेल्या माणसाला तपासणी झाल्याशिवाय 'खात्री' हा शब्द लिहवत नाही, म्हणून नुसतंच विचारतो: प्रकृती कशी आहे? उत्तराची घाई नाही. पत्राच्या शेवटी पुन्हा विचारणार आहे.

तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, उजवा रांगेत आहे, तोवर वाचायला मनाई आहे आणि घरी आलेला प्रत्येक कागद ताई तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवते, हे ऐकून मला तुमच्याबद्दल वाईट आणि माझ्याबद्दल फार बरं वाटलं. बावीस वर्षं मुख्याध्यापक होतात, ते निवृत्तीनंतरही राहिलात. माझं एक पत्र असं नाही, की जे तुम्ही ऱ्हस्वदीर्घांना लाल शाईचे गोल करून परत पाठवलं नाहीत. (माझ्या लग्नपत्रिकेलाही सोडलं नव्हतंत. 'शकुन' बरोबर, 'शूभविवाह' चूक.) या वेळी माझ्या सगळ्या चुका ताईच्या आवाजात विरघळून जातील. ताई, तुला नमस्कार. सावकाश वाच, कंसातलंही वाच, आणि जिथे 'हे मनात वाच' असं लिहिलंय तिथे खरंच मनात वाच.

सर्वांत आधी चिरंजीव अजेयच्या वतीने माफी. या मुलाचं बालपण माझ्या बदल्यांमागे कांडला, विशाखापट्टणम, चेन्नई असं फिरत गेलं आणि त्याचं मराठी वाटेत ठिकठिकाणी सांडत आलं. मला ऑपरेशनला नेल्यावर आत्याला कळवावं एवढी समज त्याला आहे. कोणत्या शब्दांत कळवावं ही नाही. 'आत्या, बाबा गेले,' एवढं बोलून साहेब लिफ्टमध्ये शिरले आणि फोन कापला गेला. पुढची अकरा मिनिटं मी कराडात मयत होतो. त्या अकरा मिनिटांचा वृत्तांत ताईने मला नंतर फोनवर दिला. तिने हंबरडा फोडला, शेजारच्या वहिनी पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या, कुणीतरी विमानाच्या वेळा बघायला लागलं, आणि तुम्ही तेवढे खुर्चीत बसून राहिलात आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालात, 'आता माझा नंबर.' (ताईला ते ऐकू गेलं. चौतीस वर्षांच्या संसारानंतर नेमकं असलंच ऐकू जातं.) असं अभद्र बोलतात का, म्हणून ती अजून तुमच्यावर रागावलेली आहे. मी रागावलेलो नाही. मी फक्त त्या तीन शब्दांवर गेले तीन आठवडे पडल्या पडल्या विचार करतो आहे. अकराव्या मिनिटाला अजेय लिफ्टबाहेर आला आणि 'आत गेले, आत्या, आत!' असं ओरडून त्याने मला जिवंत केलं.

आता मूळ हकिकत. गेल्या मे महिन्यात तुमच्या प्राजक्ताच्या लग्नात मी तुम्हाला कार्यालयामागे, आचाऱ्याच्या पातेल्यांजवळ गाठलं आणि शौचावाटे रक्त पडतं हे सांगितलं. जगात दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, शकुनलाही नाही. तुम्ही दीड मिनिटात मूळव्याधीचं निदान केलंत (त्यातलं एक मिनिट जिलबीचं ताट कुणीकडे न्यायचं हे सांगण्यात गेलं), खिशातून चूर्णाची डबी काढलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत. मी तुम्हाला दोष देत नाही. मला तेच ऐकायचं होतं आणि ते सांगणारा माणूस मी बरोबर निवडला होता. चूर्ण मी खिदिरपूरला येऊन चार महिने इमानाने घेतलं. चवीला चांगलं होतं. सप्टेंबरात शकुनच्या लक्षात आलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'चला.' कुठे, ते टॅक्सीत बसल्यावर सांगितलं.

मग दुर्बिणीची तपासणी झाली. (ज्या दिशेने आजवर माझी कुणी तपासणी केली नव्हती, त्या दिशेने. पण भूल देतात, दाजी. अजिबात कळत नाही. हे वाक्य ताई दोनदा वाचील.) निघाला मलाशयाचा कॅन्सर. पाच आठवडे किरणांचा शेक आणि गोळ्या झाल्या, मूळ दुखणं निम्म्याहून आक्रसलं, आणि सगळे खूश होणार तोच नव्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूला दोन लसिका ग्रंथी फुगलेल्या तशाच दिसल्या. ताई, शब्दाला घाबरू नकोस, मी सोपं करतो. अंगभर पसरलेल्या या वालाएवढ्या गाठी म्हणजे शरीराच्या तपासणी चौक्या. जे काही संशयास्पद अंगातून फिरतं ते इथे अडवतात. (पस्तीस वर्षं मी हेच काम केलं, आणि माझ्या आत शेकडो सहकारी रजा न घेता तेच करतायत याचा मला पत्ता नव्हता.) कॅन्सरच्या पेशीही तिथे अडतात, पण अडवलेला माल चौकीतच रुजला, तर ती चौकीच काढावी लागते. मलाशयालगतच्या चौक्या मूळ दुखण्याबरोबर निघतात. माझ्या या दोन मात्र आडवाटेला, कमरेच्या हाडाच्या आतल्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या. एका बाजूला पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या जोरावर माणूस लघवी करतो त्या नसा. (त्या नसा आणखीही एका कामाच्या असतात. ताई, हे मनात वाच.)

हे काम ज्यांच्याकडे आलं त्या डॉ. यामिनी लाहिडी. बंगाली तोंडात 'य'चा 'ज' होतो, त्यामुळे सगळं हॉस्पिटल त्यांना जामिनीदी म्हणतं. पहिल्या दिवशी रिसेप्शनवरचा माणूस मला म्हणाला, 'बैठिए, जामिनी मिलेगा,' तेव्हा मला वाटलं आपल्याला अटक झालेली आहे. बाईंची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. आवाज इतका हळू, की आपोआप आपण पुढे वाकून ऐकतो आणि आपणही हळू बोलायला लागतो. त्यांनी स्कॅन समोर लावून अर्धा तास इंग्रजीत समजावलं. पोट उभं उघडायचं नाही; सहा बारीक छिद्रांतून दुर्बीण आणि चिमटे घालून मलाशयाचा भाग आणि बाजूच्या गाठी एकाच बैठकीत काढायच्या. मी विचारलं, नसा वाचतील ना? त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, इंग्रजीही खाली ठेवलं, आणि माझ्या डोळ्यांत बघून स्वतःच्या भाषेत म्हणाल्या, 'आमरा प्राणपोण चेष्टा कोरबो.'

दाजी, अडीच वर्षांत माझं बंगाली मासळीबाजारापुढे गेलेलं नाही. पण शब्द आपल्यासारखेच असतात असा माझा समज, त्यामुळे अर्थ लख्ख लागला. आम्ही तुमची प्राणपणाने चेष्टा करू. चेष्टा म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको, मी तुमचा मेहुणा आहे. ताईच्या लग्नात माझ्या पाटाखाली पापड ठेवलेत तेव्हापासून मी ती सहन करतो आहे. पण तुम्हीदेखील कधी कॅन्सरच्या माणसाची प्राणपणाने चेष्टा करायची शपथ घेतली नसतीत. मी ताडकन उभा राहिलो आणि त्यांना इंग्रजीत सुनावलं की बाई, हा थट्टेचा विषय नाही. त्या तितक्याच गंभीरपणे पुन्हा बंगालीतच म्हणाल्या, मुळीच नाही, म्हणूनच तर आम्ही पूर्ण चेष्टा करणार. मागचे दोन शिकाऊ डॉक्टरही मान हलवून म्हणाले की हो, चेष्टा तर होणारच. शकुनने माझा शर्ट मागून धरून मला खाली बसवलं. लिफ्टमध्ये तिने सांगितलं, की बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. (तिचं बंगाली उत्तम आहे. ती शेजारणींशी बोलते, मी फायलींशी.) मी लिफ्टमध्येच लाजून घेतलं. पुढच्या खेपेला तिने हे सगळं बाईंना सांगितलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून राउंडला आल्या की माझ्याशी आधी एक विनोद करतात, त्याला 'मराठी चेष्टा' म्हणतात, आणि मग कामाला लागतात. विनोद वाईट असतात. मी हसतो.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणारे डॉ. अरुण आले (इथे ओरुण). बागबाजारचे जुने रहिवासी. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना कोण आनंद! मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला पूर्वी या शहराभोवती जो खंदक खणला, तो म्हणे त्यांच्या घराजवळूनच सुरू व्हायचा. म्हणाले, तुम्हाला बाहेर ठेवायला आमच्या पूर्वजांनी एवढी माती उपसली, आणि आज तुम्ही आपणहून आत येऊन पडलात आणि आम्ही तुमच्यातच खोदणार. शिवाय लहानपणी आजी 'बर्गी येतील, झोप' म्हणून त्यांना निजवायची. (बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा घोडेस्वार.) आज एका बर्गीला आपण निजवणार याचं त्यांना फार समाधान वाटत होतं. स्ट्रेचर दाराशी थांबलं. सिस्टर नूपुर शकुनकडे आणि अजेयकडे वळून म्हणाल्या, 'आपनारा ओपेक्खा कोरुन.' अपेक्षा करा. एव्हाना मी शहाणा झालो होतो. बंगालीत अपेक्षा करणं म्हणजे नुसतं थांबणं, वाट बघणं, हे मला ठाऊक होतं. पण त्या वेळी मला ते मराठीतच ऐकू आलं. बायको आणि मुलगा दारात उभे आहेत आणि एक परकी मुलगी त्यांना सांगते आहे, अपेक्षा करा. मी घाबरलो होतो, दाजी. फार घाबरलो होतो. हे इथे एकदाच लिहितो आणि पुन्हा कुणी विचारलं तर नाकबूल करीन. तो एक शब्द घट्ट धरून मी आत गेलो.

आत सहा तास काय झालं ते मी गेल्या आठवड्यात पाहिलं. पंचनामा पाहिल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही असं बाईंना म्हटलं, तर त्यांनी खरंच चित्रीकरणातला सात मिनिटांचा तुकडा लावून दाखवला. (आपलं अंतरंग कुणी जाणत नाही, अशी तक्रार आता मला उभ्या जन्मात करता येणार नाही.) नोकरीत मी पेट्या फोडल्या आहेत. पहार लावायची, खिळे उपटायचे, भुसा उधळायचा, आणि आत बरणीतल्या लोणच्याखेरीज काही निघालं नाही की झाकण ठोकून मालकाला म्हणायचं, घेऊन जा. त्या फुटलेल्या पेटीचं पुढे काय होतं हे मी कधी बघितलं नाही. इथे पडद्यावर दोन बारीक चिमटे पिवळ्या चरबीतून पुढे सरकत होते. एकाने नस उचलून अलगद बाजूला धरली, दुसऱ्याने तिच्यामागची चरबी गाठींसकट सोडवत आणली. मोदकाची एकही कळी न मोडता आतलं सारण काढून घ्यावं, तसं. मोठी रक्तवाहिनी शेजारी धडधडत होती आणि तिला धक्काही नाही. काढलेल्या गाठी आतल्या आतच एका इवल्या पिशवीत बंद केल्या, म्हणजे बाहेर येताना वाटेत काही सांडू नये. (सील लावूनच माल हलवायचा हा नियम आमच्याकडे शिकवायला सहा महिने लागतात.) एका जागी चिमटे थांबले. अर्धं मिनिट काहीच हललं नाही. मला वाटलं यंत्र अडकलं. विचारलं, तर बाई म्हणाल्या, 'भाबछिलाम.' विचार करत होते. दाजी, मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण हातात हत्यार असताना विचार करायला थांबलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्या सहा तासांतलं ते अर्धं मिनिट सगळ्यात जास्त आवडलं.

नंतरच्या दोन दिवसांबद्दल मी फारसं सांगू शकत नाही आणि जे आठवतं ते सांगण्यासारखं नाही. सिस्टर नूपुर दर दोन तासांनी येऊन विचारायच्या, 'ब्यथा आछे?' त्यांना म्हणायचं होतं, दुखतंय का. भुलीच्या अमलात मला ऐकू आलं, काही व्यथा आहे का. इतक्या आपुलकीने हे मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. मुलाला मराठी येत नाही, या शहरात थालीपिठाची भाजणी मिळत नाही, कांडल्याला असताना माझी बढती हुकली, आमच्या दाजींनी माझं एकही पत्र धड स्वीकारलं नाही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि दुखण्याचं औषध वाढवलं.

पाचव्या दिवशी लघवीची नळी काढली आणि खरी परीक्षा सुरू झाली. नसा शाबूत असतील तर आपोआप होणार, नाहीतर पुन्हा नळी. मी आत, दाराबाहेर मापाचं भांडं मागायला सिस्टर नूपुर, त्यांच्यामागे शकुन, तिच्यामागे अजेय, आणि दर मिनिटाला प्रश्न, 'होलो?' इतक्या लोकांनी माझ्याकडून एवढ्या साध्या गोष्टीची वाट याआधी मी दीड वर्षाचा असताना पाहिली असेल. झाली. तीनशे मिलिलिटर. सिस्टरनी आकडा मोठ्याने जाहीर केला आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. शकुन बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली. जामिनीदी धावत आल्या, आकडा दोनदा विचारला, आणि त्या दिवशी विनोद करायचा विसरल्या.

रिपोर्ट आला. बाजूच्या अकरा गाठी काढल्या, दहा निर्दोष, एकीत कॅन्सर. बाकी सगळीकडच्या कडा स्वच्छ. ती एक आत राहिली असती तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. दुसरंच विचारलं. मेमध्येच आलो असतो तर हे एवढं करावं लागलं असतं का? बाई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, पण लवकर येणाऱ्याचं काम नेहमीच कमी असतं. सध्या पोटावर उजवीकडे एक पिशवी लावलेली आहे. आतला सांधा भरून येईपर्यंत माल त्या वाटेने सुटतो, दोनतीन महिन्यांनी वाट पूर्ववत होईल. शकुन ती अशी बदलते, जणू माहेरून शिकून आली होती. मी पहिल्या दिवशी मान फिरवली, तर म्हणाली, बघा, तुमचंच आहे. आता बघतो. काल तर अजेयनेही बदलली, आणि वर म्हणाला, 'बाबा, चेष्टा केली, जमली.' कोणत्या भाषेत म्हणाला ते विचारायचं धाडस झालं नाही. गार्डन रीचच्या रस्त्याने संध्याकाळी रोज थोडं चालतो. ऑटोवाले माझ्या वेगाला शिव्या देतात, तेव्हा बरं होत असल्याची खूण पटते.

प्राजक्ताला आणि जावईबापूंना आशीर्वाद. ताईच्या रडण्याबद्दल तिचे आभार. मेल्यावर कोण किती रडणार हे फार थोड्यांना आगाऊ कळतं.

आपला,
श्यामकांत

ता. क. तुमची चूर्णाची डबी पत्राबरोबरच्या पुडक्यात परत पाठवली आहे. अर्धी भरलेली आहे. ताई, पुडकं तूच उघड.

ता. क. २. डबी देताना तुम्ही एक वाक्य म्हणाला होतात, दाजी. 'घे, मी वर्षभर हेच घेतोय, माझंही रक्त अधूनमधून पडतं, पण तुझ्या ताईला, शैलाला, यातलं काही बोलायचं नाही.' मी तेव्हा पातेल्यांच्या साक्षीने शब्द दिला आणि तो पाळला आहे. 'आता माझा नंबर म्हणजे काय रे?' असं ताईने मला फोनवर तीनदा विचारलं, मी तीनदा ठाऊक नाही म्हणालो. हे पत्रही मी ताईला लिहिलेलं नाही. पाकिटावर स्वच्छ अक्षरात तुमचंच नाव आहे. ते तुम्हाला कोण वाचून दाखवतं हा तुमचा घरगुती प्रश्न आहे.

ता. क. ३. ताई, आता थांब. चष्म्यावरून त्यांच्याकडे बघ. खिडकीबाहेर बघत असतील, तर भांडू नकोस आणि काही विचारूही नकोस. उद्या सकाळी साडी नेस, पर्स घे, दारात उभी राहा आणि म्हण, 'चला.' कुठे, ते रिक्षात बसल्यावर सांग. दुर्बीण कराडातही आहे. बहुतेक साधी मूळव्याधच निघेल, आणि मग माझं हे पत्र लाल शाईने रंगवून गावभर वाचा.

दाजी, पुन्हा विचारीन म्हटलं होतं. प्रकृती कशी आहे? चौतीस वर्षं माझी चेष्टा मराठीत केलीत. आता एकदा बंगालीत करा. मी इथे अपेक्षा करतो आहे, दोन्ही भाषांत.